काळी तीनमध्ये मागितलेली रजा

भाकऱ्या झाल्या असतील, भांडी व्हायची असतील. चालू द्या. रेडिओचं हेच बरं आहे, हात कामात आणि कान इकडे.

आज मी विलायती संगीतावर बोलणार आहे, त्यातही सिम्फनीवर. हिला झालंय काय, असं म्हणू नका. सुरुवात आपल्या पेटीपासूनच करते, कारण मला ती वाट पेटीवरच सापडली.

आमच्या महिला भजनी मंडळात माझ्या थोरल्या जाऊबाई पहिल्या दिवसापासून आहेत. टाळ उत्तम धरतात. पण गायला कधी पुढं यायच्या नाहीत. "माझा आवाज फुटका आहे," म्हणायच्या, आणि आम्हीही तेच धरून चाललो होतो. पेटीवर बसणारे मास्तर मूळचे पुरुषांच्या भजनात वाजवणारे. त्यांचा हात काळी एकवर पडला की तिथंच बसायचा. त्या पट्टीत खालच्या अंगानं गावं तर बाईचा आवाज छातीतच अडकतो, वरच्या अंगानं गावं तर अंतऱ्याला चिरकतो. अशी वीस वर्षं गेली. मग मास्तर मुलाकडे राहायला गेले आणि पेटी माझ्याकडे आली. दुसरं कोणी नव्हतं म्हणून आली. माझी बोटं धड चालत नव्हती. पण एक केलं. जाऊबाईंना म्हटलं, पेटी ऐकू नका, तुमचा तुम्ही सा लावा. त्यांनी लावला, मी तो पेटीवर शोधला. काळी चार निघाली. त्या दिवशी जाऊबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या, आणि त्यांनी अख्खा अभंग एकटीनं म्हटला. म्हणून झाल्यावर खूश होतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या. "इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?" म्हणाल्या, आणि टाळ खाली ठेवून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, तेव्हापासून गातात.

तेव्हापासून माझ्या डोक्यात पट्टीचा किडा शिरला. पट्टी ठरवतं कोण, आणि कुणाच्या सोयीनं?

पुढं लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला चार महिने राहिले. खालच्या मजल्यावर आठवीतली एक मुलगी व्हायोलिन शिकायची. संध्याकाळी तिचे सूर वर यायचे आणि माझ्या नातवाला झोप लागायची, म्हणून मी तिच्याशी ओळख काढली. ती म्हणाली, "आजी, आज सरांनी डी मेजर दिलंय." मी म्हटलं, डी म्हणजे कुठला सूर गं? तिनं घरातल्या छोट्या की-बोर्डवर बोट ठेवलं. अगं, ही तर आपली पांढरी दोन! मग आम्ही दोघींनी बसून सगळी जुळणी केली. त्यांचा सी म्हणजे आपली पांढरी एक. जी म्हणजे पांढरी पाच. ई फ्लॅट म्हणजे काळी दोन. एफ शार्प म्हणजे काळी तीन. आणि मेजर म्हणजे सगळे सूर शुद्ध, आपल्या बिलावल थाटासारखे. मायनर म्हणजे गंधार, धैवत, निषाद कोमल, आपल्या आसावरीच्या जवळचं. मायनरमध्ये साकडे परत येताना निषाद पुष्कळदा शुद्ध करतात, पण तेवढा फरक आज सोडून देऊ.

यात नवल काही नाही म्हणा. आपली पेटीच मुळात तिकडची. साधारण १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये ती घडली, पायानं भाता मारायची होती. इकडे आल्यावर आपण ती जमिनीवर मांडी घालून बसवली आणि भाता हातात घेतला. पट्ट्या मात्र त्याच राहिल्या.

आता सिम्फनी. चाळीस-पन्नास, कधी शंभर वाजवणारे एकत्र बसतात. गाणारं बहुधा कोणी नसतं. साधारण चार भाग असतात: एक जोराचा, एक संथ, एक नाचाच्या ठेक्याचा आणि शेवटचा पुन्हा वेगाचा. सगळं आधी कागदावर लिहिलेलं असतं, कुणी कधी काय वाजवायचं, सगळं. आणि नावातच पट्टी असते. अमुक नंबरची सिम्फनी, डी मेजरमध्ये. तमुक नंबरची, सी मायनरमध्ये. आपल्याकडे राग ठरलेला असतो, पट्टी ज्याच्या त्याच्या गळ्याची. यमन काळी एकमध्ये गायला काय, काळी चारमध्ये गायला काय, यमनच. तिकडे मात्र लिहिणाऱ्यानं पट्टी एकदा ठरवली की ती त्या रचनेचं आडनावच होऊन बसते.

ती ठरवायची कशावरून? पुस्तकात वाचलं तर लिहिलेलं सापडतं की अमक्या पट्टीचा भाव गंभीर, तमक्या पट्टीचा आनंदी. त्या काळी वाद्यं लावायची पद्धत आजच्या पेटीसारखी सरसकट सारखी नव्हती, त्यामुळे एका पट्टीची चव दुसरीला येत नसे, हे खरं आहे. पण मला विचाराल तर खरं कारण वाद्यांच्या अंगात आहे.

व्हायोलिनला चार तारा. पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन, अशा त्या लावलेल्या असतात. एकतारीची तार छेडली की कशी मोकळी घुमते, तशी यातली कुठलीही तार बोट न ठेवता वाजली की घुमते. म्हणून पांढरी दोनमध्ये व्हायोलिनं खुलतात. त्या काळच्या कर्ण्यांना, म्हणजे ट्रम्पेटला, चाव्या नव्हत्या. आपली तुतारी आठवा. तिच्यातून सगळे सूर निघत नाहीत, फुंकीच्या जोरावर ठरलेले चार-सहाच निघतात. ट्रम्पेटचं तेच. ते बहुतेक पांढरी एक नाहीतर पांढरी दोनचे असत. नगारे दोन, एक सा ला आणि एक प ला लावलेला. आता राजवाड्यात सणसमारंभ आहे, कर्णे-नगारे तर पाहिजेतच. मग सिम्फनी आपोआप सी मेजर नाहीतर डी मेजरमध्ये. त्या काळच्या डी मेजरमधल्या सिम्फन्या मोजायला बसलात तर रात्र सरेल.

शिंग म्हणजे हॉर्न, तेही तसंच, पण त्याला एक सोय होती. नळीचं वेगवेगळ्या लांबीचं वेटोळं मिळायचं. वेटोळं बदललं की शिंगाचा सा बदलायचा. ही वेटोळी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

आता गोष्ट सांगते. ती सांगायलाच मी आज बसले आहे.

ऑस्ट्रियात रोराऊ नावाचं एक खेडं आहे. तिथं १७३२ साली योझेफ हायडन जन्मला. बाप गाडीची चाकं बनवणारा, आई लग्नाआधी तिथल्या सरदाराच्या घरी स्वयंपाक करणारी. मुलगा गायला बरा निघाला, शिकला, धडपडला आणि १७६१ मध्ये एस्टरहाझी नावाच्या बड्या सरदार घराण्यात संगीताच्या नोकरीला लागला. नोकरी कशी, तर करार लिहून घेतलेला. धन्यासमोर यायचं ते ठरलेल्या पोशाखात, पांढरे मोजे घालून, केसांना पावडर लावून. धनी सांगेल ते लिहायचं, आणि लिहिलेलं बाहेर कुणाला द्यायचं नाही. हायडन पुढं एवढा मोठा झाला की आजही जगभर वाजवला जातो, पण तेव्हा तो नोकरच होता.

धनी म्हणजे राजपुत्र निकोलाउस. माणूस संगीताचा मोठा वेडा, स्वतः बॅरिटन नावाचं तारवाद्य वाजवायचा. त्यानं हंगेरीत, एका मोठ्या तळ्याच्या बाजूला, दलदलीच्या जागेत नवा महाल बांधला. एस्टरहाझा त्याचं नाव. त्याला ती जागा फार आवडायची. उन्हाळ्यात तिथं जायचा आणि लवकर परतायचं नाव घ्यायचा नाही. धनी तिथं, म्हणजे वाजवणारेही तिथं. त्यांची घरं, बायका-मुलं आयझेनश्टाट गावात. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतलंच, पण घोडागाडीच्या काळात तो दिवसभराचा प्रवास. आणि १७७२ मध्ये हुकूम निघाला की वाजवणाऱ्यांच्या बायका-मुलांनी महालावर राहायचं नाही. जागा नाही. मोजक्या माणसांना सूट होती. हायडनला होती, आणि पहिला व्हायोलिनवाला टोमासिनी, त्यालाही होती. बाकीच्यांना नाही.

त्या वर्षी राजपुत्राचा मुक्काम लांबत गेला. उन्हाळा संपला, थंडी यायला लागली, तरी निघायचं लक्षण दिसेना. वाजवणारे कंटाळले, घरच्या आठवणीनं बेजार झाले. घरचा माणूस महिनोन् महिने बाहेर कामाला असला म्हणजे इकडे काय होतं आणि तिकडे त्याचं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते हायडनकडे गेले. त्याला ते पापा हायडन म्हणायचे. म्हणाले, तुम्हीच काहीतरी करा.

आता हायडननं काय करावं? अर्ज लिहिला तर नोकरानं धन्याला शिकवल्यासारखं होणार. तोंडानं बोललं तर त्याहून वाईट. त्यानं सिम्फनी लिहिली. आज ती पंचेचाळीस नंबरची म्हणून ओळखली जाते, आणि निरोपाची सिम्फनी असंही तिला म्हणतात.

आणि तिची पट्टी? एफ शार्प मायनर. आपली काळी तीन, त्यातून ग, ध, नि कोमल.

मैत्रिणींनो, हायडननं आयुष्यात शंभराहून जास्त सिम्फन्या लिहिल्या. त्यात या पट्टीतली एवढी एकच. त्या काळी या पट्टीत सिम्फनी लिहायला कुणी जातच नव्हतं, कारण ती गैरसोयीची. कर्णे-नगारे नाहीत. काळी तीन हा सा आणि काळी एक हा प, यातल्या एकाही सुराला व्हायोलिनची मोकळी तार नाही. शिंगांकडे त्या सुराचं वेटोळंच नव्हतं. ते नव्यानं बनवून घ्यावं लागलं, आणि त्याचा हिशेब दरबाराच्या १७७२ च्या कागदांत आहे. मला ही नोंद फार आवडते. नोकरांना घरी जायला मिळत नव्हतं, त्याबद्दलची तक्रार वाजवायला जे सामान लागलं, त्याचे पैसे धन्यानंच दिले!

मी ती सिम्फनी त्या मुलीच्या घरी पहिल्यांदा ऐकली. सुरुवातच भांडायला उठल्यासारखी आहे. व्हायोलिनं वरून खाली तडातडा पायऱ्या उतरतात, पुन्हा वर जातात, पुन्हा उतरतात. ऐकताना बसायला सतरंजी मिळत नाही असं वाटतं. राजपुत्र स्वतः वाजवणारा होता, त्याच्या कानाला पहिल्या ओळीतच कळलं असणार की आज काहीतरी बिनसलंय. ही नेहमीची पट्टी नाही. मी वीस वर्षं काळी एक ऐकत होते, मला एकदाही खटकलं नाही. त्याला खटकावं अशीच हायडननं सोय केली होती.

चौथा भागही वेगात सुरू होतो आणि मध्येच थांबतो. संपलं असं वाटतं. पण संपत नाही. एक शांत, मऊ चाल सुरू होते, आता पांढरी सहामधून, मेजरमध्ये, सगळे सूर शुद्ध. आणि मग ती नवलाची गोष्ट घडते. एक ओबो, म्हणजे आपल्या सनईच्या जातीचं वाद्य, आणि एक शिंग आपापला तुकडा वाजवतात, समोरची मेणबत्ती विझवतात, वाद्य उचलतात आणि निघून जातात. मग बसून म्हणजे खर्जातलं फुंकवाद्य वाजवणारा जातो. मग दुसरा ओबो, दुसरं शिंग. मग सगळ्यात मोठं, उभं राहून वाजवायचं खर्जाचं तारवाद्य, त्याचा माणूस एकट्यानं बराच वेळ वाजवतो आणि जातो. एकेक करून तारवाले कमी होतात. दरबारात अंधार वाढत जातो. शेवटी दोन व्हायोलिनं उरतात, तारांवर चिमटा लावून आवाज दाबलेली. एकावर टोमासिनी, दुसऱ्यावर स्वतः हायडन. ज्या दोघांना आपल्या माणसांना जवळ ठेवायची मुभा होती, तेच दोघे सगळ्यात शेवटी. हायडनचं बायकोशी पटत नव्हतं, तो भाग वेगळा.

तोवर पट्टी पुन्हा काळी तीनवर आलेली असते. सा तोच, ज्याच्यावर भांडण सुरू झालं होतं. पण आता कोमल सूर गेलेत, गंधार शुद्ध लागतो. आणि या शुद्ध सुरांच्या काळी तीनमध्ये व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारांपैकी एकही बसत नाही. मी पेटीवर मोजून पाहिलं. म्हणजे त्या दोघांना शेवटचा एकेक सूर बोटानं दाबूनच काढायचा आहे. एवढा बारीक आवाज, एवढा अंधार, आणि आधाराला एकही मोकळी तार नाही. मग तेही थांबतात.

हायडननं म्हातारपणी आपल्या चरित्रकारांना ही हकिगत सांगितली. राजपुत्र समजायचं ते समजला. दुसऱ्या दिवशी निघायचा हुकूम झाला.

मी हे जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि पुढल्या वर्षी?" मी गप्प. पुढल्या वर्षीही राजपुत्र महालावर गेलाच असणार, आणि हेही गेले असणार. नोकरी तीच होती. हायडन त्या घराण्यात पुढं कितीतरी वर्षं राहिला.

मोझार्टचं नाव तुम्ही ऐकलं असेल, निदान मोबाइलच्या रिंगटोनमध्ये तरी नक्की ऐकलं आहे. त्याची चाळीस नंबरची सिम्फनी. तीही मायनरमधली, जी मायनर, म्हणजे पांढरी पाच. मोझार्टनं चाळीसेक सिम्फन्या लिहिल्या, त्यात मायनरमधल्या दोनच, आणि दोन्ही याच पट्टीत. चाळीसवी पुरी झाली २५ जुलै १७८८ रोजी. त्याच्या महिनाभर आधी, २९ जूनला, त्याची सहा महिन्यांची मुलगी गेली होती. घरात पैशांची ओढाताण, मित्राला उसनवारीची पत्रं. त्यामुळे लोक म्हणतात, बघा, बापाचं दुःख पांढरी पाचमधून बाहेर आलं. मला हे इतकं सरळ वाटत नाही. कारण त्यानंतर सोळा दिवसांत, १० ऑगस्टला, त्यानं एकेचाळिसावी पुरी केली, आणि ती सी मेजरमध्ये, कर्णे-नगाऱ्यांसह, थाटामाटाची. दुःख सोळा दिवसांत संपलं असेल काय? लेकरू गेलेली बाई सणाच्या पुरणपोळ्याही करते, आणि त्या बिघडत नाहीत. पोळीवरून तिच्या मनातलं ओळखायला जाऊ नये.

आता दोन बायांची गोष्ट, कारण सिम्फनी लिहिणाऱ्या बायाही होत्या.

पॅरिसमध्ये लुईझ फारांक नावाची बाई होती, जन्म १८०४ चा. आपली पेटी जिथं आणि ज्या सुमारास घडत होती, तिथंच त्याच सुमारास ती पियानो शिकवत होती. १८४२ मध्ये तिथल्या मोठ्या सरकारी संगीत विद्यालयात ती पियानोची प्राध्यापक झाली आणि तीस वर्षं राहिली. शिकवायला बाई चालत होती. पण त्या विद्यालयात रचना शिकायच्या वर्गात मुलींना घेत नसत, म्हणून तिनं ती विद्या खासगीत मिळवली होती.

तिनं तीन सिम्फन्या लिहिल्या. पट्ट्या ऐका. पहिली सी मायनर, दुसरी डी मेजर, तिसरी जी मायनर. सी मायनर म्हणजे बेथोव्हनची पाचवी, सगळ्या जगाला माहीत असलेली, दार ठोठावल्यासारखी सुरू होणारी. डी मेजर म्हणजे दरबाराची, कर्ण्यांची पट्टी. जी मायनर म्हणजे मोझार्टची, आता सांगितलेली. तिनं हे मुद्दाम केलं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण त्या काळच्या ऐकणाऱ्याच्या कानात या तीन पट्ट्यांत कोण बसलं होतं, हे तिला ठाऊक होतंच. बायकांनी पियानोवर चार नाजूक तुकडे लिहावेत, असा तो जमाना. ती थोरांच्या पंगतीत, त्यांच्याच पाटाशेजारी पाट मांडून बसली. तिसरी सिम्फनी १८४९ मध्ये त्या विद्यालयाच्या नावाजलेल्या वाद्यवृंदानं वाजवली. लोकांना आवडली.

आणि पगार? त्याच कामाला पुरुष प्राध्यापकांना जास्त, हिला कमी. आठ वर्षं असं चाललं. १८५० मध्ये, तिची नऊ वाद्यांची एक रचना गाजल्यावर, तिनं बरोबरीचा पगार मागितला, आणि घेतला. आमच्या गटात मी हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, मागच्या आठ वर्षांचा फरक मिळाला का? रोजगार हमीवर हजेरी लावून घेतलेल्या बाईचा प्रश्न आहे तो.

लुईझच्या एकुलत्या एक मुलीचं, तीही पियानो वाजवायची, १८५९ मध्ये निधन झालं. त्यानंतर लुईझनं रचना करणं जवळजवळ थांबवलं. शिकवत राहिली. तिच्या तिन्ही सिम्फन्या ती असेपर्यंत छापल्या गेल्या नाहीत. आता शंभरावर वर्षांनी त्या पुन्हा वाजायला लागल्यात.

दुसरी अमेरिकेतली, एमी बीच, जन्म १८६७. हिला लहानपणापासून पट्ट्या रंगांत दिसायच्या. पांढरी एक पांढरी, पांढरी तीन पिवळी, पांढरी पाच लाल, पांढरी सहा हिरवी, काळी चार निळी, काळी एक जांभळी. आईला ती पट्टीचं नाव सांगायची नाही, रंग सांगायची, त्या रंगाचं वाजव म्हणायची. हे मी मंडळात सांगितल्यापासून आमच्याकडे एक खूळ निघालं आहे. जाऊबाई पेटीजवळ येऊन म्हणतात, "माझी निळी लाव."

एमी पियानो फार चांगला वाजवायची. अठराव्या वर्षी लग्न झालं, नवरा बोस्टनचा डॉक्टर, तिच्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठा. त्याच्या म्हणण्यानुसार तिनं जाहीर कार्यक्रम अगदी कमी केले, आणि त्याचे पैसे धर्मादायाला. रचना कर म्हणाला, पण शिकायला गुरू ठेवायचा नाही. मग ती पुस्तकं आणून घरी एकटी शिकली. परक्या भाषेतलं पुस्तक स्वतःसाठी भाषांतर करून वाद्यवृंदासाठी कसं लिहायचं ते शिकली. ३० ऑक्टोबर १८९६ रोजी बोस्टनच्या वाद्यवृंदानं तिची सिम्फनी वाजवली. पट्टी ई मायनर, पांढरी तीन. आत आयर्लंडच्या लोकगीतांच्या चाली, जात्यावरच्या ओव्या उचलून सिम्फनीत बसवाव्यात तशा. कागदावर नाव छापलं जायचं ते मिसेस आणि पुढं नवऱ्याच्या नावाची आद्याक्षरं. पण रंग तिचे होते.

वेळ संपत आली, स्टुडिओतल्या ताई बोट दाखवतायत. एक काम सांगते. आपल्या मंडळात ज्या बायका नुसत्या टाळ धरतात, त्यांना पेटी बंद ठेवून सा लावायला सांगा आणि मग तो पेटीवर शोधा. काळी चार निघेल, काळी पाच निघेल, एखादीची पांढरी पाचही निघेल. दोन-तीन पट्ट्या आल्या तर अभंग वाटून घ्या. पेटीवाले मास्तर कुरकुर करतील, कारण त्यांची बोटं नेहमीच्या जागी पडणार नाहीत. करू देत. आठवड्याभरात सरावतात. कुणाची कुठली पट्टी निघाली ते आम्हाला रेडिओवर कळवा, पुढच्या वेळी वाचून दाखवीन.

आणि आता ती काळी तीन ऐकू, अगदी शेवटचा तुकडा. घरातला दिवा हवा तर बारीक करा. दोनच व्हायोलिनं उरली आहेत. ताई, लावा.